समासातला शेरा

१९६७च्या उन्हाळ्यात फिलिप टॉम्पकिन्स हे तरुण प्राध्यापक अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिल गावी पोहोचले. माणसाला चंद्रावर नेणारा सॅटर्न-५ हा अग्निबाण तिथल्या नासाच्या मार्शल अंतराळ उड्डाण केंद्राच्या देखरेखीखाली तयार होत होता. टॉम्पकिन्स अभियंते नव्हते. ‘संघटनात्मक संवाद’ या तेव्हा नुकतंच नाव मिळालेल्या विषयात त्यांनी पर्ड्यू विद्यापीठातून १९६२ साली पीएच.डी. केली होती, आणि प्रबंध होता एका कामगार संघटनेचं मुख्यालय आणि तिच्या शाखा यांच्यातल्या देवाणघेवाणीवर. हजारो माणसं एका कामाला जुंपलेली असताना एकमेकांना काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि सांगितलेलं कुठे अडकून पडतं, हे बाहेरच्या कुणीतरी येऊन बघावं, म्हणून त्यांना बोलावलं होतं.

टॉम्पकिन्स मुलाखती घेऊ लागले तसं एका कागदाचं नाव पुन्हा पुन्हा निघू लागलं. ‘मंडे नोट्स’, म्हणजे सोमवारच्या चिठ्ठ्या. केंद्राचे संचालक वेर्नर फॉन ब्राउन यांचा बराच वेळ वॉशिंग्टनच्या फेऱ्यांत जाई. त्यांचे जुने सहकारी कुर्ट डेबुस फ्लोरिडात, केप कॅनाव्हरलला प्रक्षेपणाची व्यवस्था उभारत होते. तिकडचं काय चाललंय ते आठवड्यातून एकदा पानभर लिहून कळवत जा, असं फॉन ब्राउननी त्यांना सांगितलं होतं. ती चिठ्ठी इतकी उपयोगी पडू लागली की हाताखालच्या प्रयोगशाळाप्रमुखांना आणि प्रकल्पप्रमुखांनाही त्यांनी तेच करायला सांगितलं. साधारण दोन डझन माणसं. दर सोमवारी एक पान, त्याहून जास्त नाही. छापील नमुना नाही, भरायचे रकाने नाहीत. वर तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव, खाली गेल्या आठवड्यातलं काम आणि अडचणी. मधल्या साहेबाने आधी वाचून, दोन वाक्यं कापून, मग पुढे पाठवायची असा प्रकार नव्हता.

फॉन ब्राउन त्या चिठ्ठ्या वाचत आणि वाचता वाचता समासात हाताने लिहीत. कुठे प्रश्न, कुठे सूचना, कुठे अमक्याशी बोलून घे, कुठे नुसती शाबासकी. खाली ‘बी’ हे एकच अक्षर. मग तो सगळा गठ्ठा समासातल्या अक्षरांसकट नकला काढून प्रत्येक लिहिणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे इंजिनवाल्याला कळायचं की मार्गदर्शनप्रणालीवाल्याचं कुठे अडलंय, आणि दोघांनाही कळायचं की साहेबाला त्याबद्दल काय वाटतं.

टॉम्पकिन्सना त्याखालचंही एक सापडलं. सोमवारी एक पान भरायचं तर प्रयोगशाळाप्रमुखाला आपल्या घरात काय चाललंय ते ठाऊक हवं. म्हणून बहुतेकांनी आपापल्या हाताखालच्यांकडून शुक्रवारी टिपणं मागवायला सुरुवात केली होती. कुणी त्यासाठी बैठक घेऊ लागलं होतं. वरून तसा हुकूम निघालेला नव्हता. वर एक माणूस मन लावून वाचतो आणि उलट लिहितो, एवढं कळल्यावर खाली लिहिण्याबोलण्याचे पाट आपोआप खणले गेले होते.

मी पुण्यात संघटनात्मक संवाद हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे. पहिल्या तासाला ही गोष्ट सांगते तेव्हा मुलं ‘एक पान’ हे टिपून घेतात. मला मात्र त्या पानाचा समास महत्त्वाचा वाटत आला आहे. खालून वर कागद पाठवायची सोय जगात पुष्कळांनी केली. त्याच कागदावर आपल्या हाताने उत्तर लिहून तो खाली धाडायची सवय फार थोड्यांना लागली. हा विषय ज्या प्रश्नांतून जन्मला त्यांचा माग काढत गेलं की दर वळणावर तो समास दिसतो. कधी भरलेला, बहुतेकदा कोरा.

आपल्या भाषेत त्या समासातल्या लिहिण्याला शब्द आहे: शेरा. त्याच्याही आधीचा एक शब्द दफ्तरांत भेटतो, मखलाशी. पेशवाईतल्या यादी पाहिल्या तर मागणी करणाऱ्याची कलमं एकाखाली एक मांडलेली असतात आणि त्यांवर सरकारचा निर्णय नोंदलेला असतो: अमुक द्यावे, तमुक पूर्ववत चालवावे. वरिष्ठाच्या अशा नोंदीला मखलाशी म्हणत. मागणी आणि उत्तर एकाच कागदावर नांदत. दोन्ही मिळून तो कागद पुरा होई. आज मखलाशी म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्याला चतुराईने जोडलेली पुस्ती. शेरा हा शब्दही आक्रसला. नोकरदार माणसाच्या कानाला तो ‘प्रतिकूल शेरा’ असाच ऐकू येतो, गोपनीय अहवालातला. आणि इंग्रजीतून आलेला मेमो तर बघा. मूळ अर्थ आठवणीसाठी केलेलं टिपण; पण आपल्या कारखान्यांत, बँकांत, एसटीत ‘त्याला मेमो मिळाला’ म्हटलं की त्याला ताकीद मिळाली, एवढाच अर्थ उरतो. वरून खाली येणारा कागद आपल्या अनुभवात कशासाठी येत गेला, त्याची नोंद या शब्दांनी करून ठेवली आहे.

कंपनी सरकारने लिहिण्याचा हा पसारा अफाट वाढवला. जॉन स्टुअर्ट मिल हे तत्त्वज्ञ म्हणून आपल्याला माहीत असतात, पण १८२३ ते १८५८ अशी ३५ वर्षं ते लंडनच्या इंडिया हाउसमध्ये कंपनीच्या नोकरीत होते आणि हिंदुस्थानला जाणारे खलिते लिहीत होते. १८५२ साली ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर साक्ष देताना त्यांनी सांगितलं की हिंदुस्थानचा सगळा कारभार लेखी चालतो, आणि चांगल्या कारभाराची ती मोठीच हमी आहे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रत्येक निर्णयामागे कुणी काय मत दिलं ते कागदावर राहायचं. पण ते वाचायचा अधिकार लिहिणाऱ्यांपुरताच होता. ज्याच्या जमिनीबद्दल ते लिहिलेलं, त्याला नव्हता.

तो अधिकार मिळायला फार काळ गेला, आणि त्यातला एक प्रसंग आपल्या अंगणातला आहे. सरकारी फायलीत पत्रव्यवहार वेगळा आणि टिप्पणी वेगळी असते. कारकुनाने मांडलेलं प्रकरण, त्यावर वरच्याचा शेरा, त्यावर त्याच्या वरच्याचा; निर्णय खरोखर घडतो तो या टिप्पणीत. २००५चा माहिती अधिकार कायदा आल्यावर वर्षभरातच, २००६च्या जुलैत, केंद्रीय मंत्रिमंडळाने या टिप्पण्या कायद्याच्या कक्षेतून बऱ्याच अंशी वगळणारी दुरुस्ती मंजूर केली. ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले. देशभरातून विरोध झाला आणि ती दुरुस्ती मागे पडली. निर्णयाची प्रत मिळणं आणि निर्णय कसा झाला ते समासात वाचायला मिळणं यातला फरक त्या दिवसांत गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लोकांना समजावून सांगितला. व्यवस्थापनाच्या कुठल्याही वर्गात मी तो इतका स्पष्ट सांगितलेला ऐकला नाही.

अमेरिकेत हा धागा सुरू होतो रेल्वेपासून. ५ ऑक्टोबर १८४१ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्टर्न रेलरोडच्या दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एक कंडक्टर आणि एक उतारू ठार झाले. एकेरी मार्ग, आणि कुठली गाडी कुठे आहे हे दुसऱ्या टोकाला कळायची सोय नव्हती. त्या अपघातानंतर कंपनीने जबाबदाऱ्या, वेळा आणि कळवण्याचे नियम लिहून काढले. पुढे १८५५च्या सुमारास न्यूयॉर्क अँड इरी रेल्वेचे अधीक्षक डॅनियल मॅक्कॅलम यांनी तारायंत्राच्या जोरावर ताशी, दैनिक, मासिक अहवालांची साखळी बसवली. त्यांच्या काळात काढलेला संघटनेचा आराखडा आजही जपलेला आहे. तो झाडासारखा आहे: मुळाशी, अगदी तळाला, अध्यक्ष आणि संचालक मंडळ, आणि तिथून फुटून वर गेलेल्या फांद्यांवर स्थानकं, गाड्या, माणसं. आज ज्या पिरॅमिडची आपल्याला सवय आहे तो उलटा ठेवावा, तसं.

पण मॅक्कॅलम यांच्या तत्त्वांचा रोख वेगळा होता. कोण काम करतं, कोण चुकतं, हे वरच्याला लगेच कळावं. ते कळवताना वरिष्ठांची अडचण होऊ नये आणि हाताखालच्यांवरचा त्यांचा वचक कमी होऊ नये. माहिती वर जावी ती नजर ठेवण्यासाठी. वर गेलेल्या आकड्यांचं पुढे काय झालं, हे गार्डला किंवा सांधेवाल्याला कळवण्याची गरज त्या आराखड्यात नव्हती.

मेमोचा जन्म याच वाटेवर झाला. एमआयटीत शिकवणाऱ्या जोअॅन येट्स यांनी इलिनॉय सेंट्रल रेल्वे, स्कोव्हिल ही पितळी मालाची कंपनी आणि द्यू पाँ यांची जुनी दफ्तरं उपसून १९८९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. कार्यालयात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तू एका माणसाच्या किंवा एका कंपनीच्या मालकीच्या नसतात, अनेक गरजा एकत्र येऊन त्या घडतात, हे त्या पुस्तकाने मला शिकवलं. आधी पत्रांच्या नकला पातळ कागदाच्या बांधीव वहीत दाबून काढत, तारखेच्या क्रमाने. एखादं प्रकरण शोधायचं तर सगळी वही चाळायची. मग टंकलेखन यंत्र आलं, कार्बन कागद त्याच्या जोडीला कामाला लागला, आणि १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात उभ्या फायलींचं कपाट लोकांनी पाहिलं. ग्रंथालयातल्या तालिकापत्रांच्या खणांवरून सुचलेलं. आता एका विषयाचे कागद एका जागी ठेवता येऊ लागले. पण त्यासाठी कागदावरच विषय लिहिलेला हवा, आणि एका कागदात एकच विषय हवा. म्हणून ‘प्रति’, ‘प्रेषक’, ‘विषय’, ‘दिनांक’ या चार ओळी वर आल्या, आणि ‘महोदय’, ‘आपला आज्ञाधारक’ गळून पडले. आज ईमेल उघडल्यावर ‘विषय’ म्हणून जी रिकामी ओळ आपल्याला विचारत बसते, ती शंभरेक वर्षांपूर्वी फायली लावणाऱ्या कारकुनाच्या सोयीसाठी आली आहे.

मेमोमुळे कार्यालयातला माणूस थोडक्यात लिहायला शिकला, हे त्याचं देणं मी मानते. पण तो कागद जपून ठेवण्यासाठी घडला. कपाटात गेला की त्याचं काम झालं.

वाचणाऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते चेस्टर बर्नार्ड यांनी. ते न्यू जर्सी बेल टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष होते. १९३८च्या त्यांच्या पुस्तकात अधिकाऱ्याचं पहिलं काम म्हणून संवादाची व्यवस्था उभी करणं सांगितलं आहे, आणि त्याहून धाडसाचं असं की हुकमाची सत्ता हुकूम देणाऱ्यात नसून तो मान्य करणाऱ्यात असते. त्याच्या काही वर्षं आधी शिकागोजवळ सिसेरो इथल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात एक मोठं काम होऊन गेलं होतं. १९२८ ते १९३० या काळात तिथे २१ हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारत. पण माणसं प्रश्न सोडून भलतंच बोलू लागतात हे पाहून मुलाखत घेणाऱ्यांना सांगितलं गेलं की गप्प बसा आणि ऐका. बोलायला मिळाल्यावर माणसं हलकी होतात, हे तिथे नोंदलं गेलं. मला त्या नोंदीने कायम अस्वस्थ केलं आहे. ऐकून घेणाऱ्याने मनापासून ऐकलं, यात शंका नाही. पण ज्या फोरमनच्या वागण्याबद्दल, ज्या थंड हॉलबद्दल ते बोलले, त्याचं काय झालं हे सांगायला त्यांच्याकडे कुणी परत गेलं का? ऐकणं हाच उपचार ठरला की उत्तराची निकड संपते. तक्रारपेट्या, सूचनापेट्या, दरवर्षीची समाधान-सर्वेक्षणं यांचं मूळ मला तिथे दिसतं.

दुसऱ्या महायुद्धाने या सगळ्याला विद्यापीठात आणलं. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत रातोरात पर्यवेक्षक तयार करायचे होते. इंग्रजी आणि भाषणकला शिकवणारे मास्तर त्या कामाला लागले. सैन्यात, कारखान्यांत, प्रशिक्षणवर्गांत. युद्ध संपल्यावर त्यांतले काही जण विद्यापीठात परतले ते एक प्रश्न घेऊन: आपण माणसाला नीट बोलायला शिकवलं, पण त्याच्या बोलण्याचं कारखान्यात काय होतं ते आपल्याला माहीत आहे का? पर्ड्यू, ओहायो स्टेट आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत त्यावर प्रबंध होऊ लागले. पर्ड्यूचे चार्ल्स रेडिंग यांना या विषयाचे जनक म्हणतात. टॉम्पकिन्स त्यांचेच विद्यार्थी. धाडलेला निरोप म्हणजे पोहोचलेला निरोप नव्हे, ऐकणाऱ्याच्या मनात जो उतरतो तोच निरोप, हे रेडिंग आयुष्यभर सांगत राहिले. १९७२च्या पुस्तकात त्यांनी चांगल्या कार्यसंस्कृतीच्या खुणा दिल्या: आधार, निर्णयात वाटा, विश्वास, मोकळेपणा आणि कामाच्या दर्जाचा आग्रह. साधे शब्द आहेत. पण यांतला विश्वास नसला की मोकळेपणाही आटतो, हे त्याआधी एका अभ्यासाने आकड्यांतून दाखवलं होतं. विल्यम रीड यांनी १९६२ साली अमेरिकी कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: ज्याला वर चढायची जितकी आस, तो आपल्या अडचणी साहेबाला तितक्या कमी सांगतो, आणि साहेबावर विश्वास नसेल तर आणखी कमी.

मला हे वाचण्याआधीच कळलं होतं. शिकवायला लागण्यापूर्वी मी एका संस्थेत नोकरी करत होते. दर शुक्रवारी चारपर्यंत साप्ताहिक अहवाल द्यायचा असे. पहिले काही आठवडे मी रात्री जागून तो लिहिला; कुठे माल अडला, कुठला पुरवठादार फसवतोय, सगळं. एकदाही त्यावर कुणाचं अक्षर आलं नाही. मग मी आधीच्या आठवड्याचा मजकूर उचलून तारीख बदलू लागले. ज्या पुरवठादाराबद्दल मी तिसऱ्या आठवड्यात लिहिलं होतं त्याने सहाव्या महिन्यात सगळ्यांना तोंडघशी पाडलं, तेव्हा मला विचारण्यात आलं की तुम्ही आधी का नाही सांगितलं. मी तो जुना अहवाल काढून दाखवला. तो फायलीत व्यवस्थित लावलेला होता, कोपऱ्यात भोक पाडून. मला त्या दिवशी राग आला होता. आता जास्त वाईट वाटतं ते मधल्या पाच महिन्यांचं, ज्यांत मी खरं लिहिणं सोडून दिलं होतं.

म्हणून हंट्सव्हिलकडे परत जाऊ. फॉन ब्राउनचं नाव आदराने घेताना जीभ अडखळायला हवी. हा माणूस हिटलरच्या जर्मनीत व्ही-२ अस्त्रं बनवत होता, नाझी पक्षाचा आणि एसएसचा सदस्य होता, आणि ती अस्त्रं मिटेलबाउ-डोराच्या छळछावणीतल्या कैद्यांच्या गुलामीतून तयार होत होती. त्यात हजारो माणसं मेली. त्या कैद्यांना समास नव्हता. संवादाची उत्तम रीत आणि माणुसकी या दोन गोष्टी एकाच देहात एकत्र नांदतातच असं नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगते, आणि मग चिठ्ठ्यांची गोष्ट पुढे नेते, कारण तीही खरी आहे.

फॉन ब्राउननी १९५६ साली स्वतःच सांगितलेली एक हकिकत आहे. रेडस्टोन क्षेपणास्त्राची एक चाचणी फसली. कारण सापडेना, आराखडाच बदलावा लागेल अशी वेळ आली. तेव्हा एक अभियंता स्वतःहून पुढे आला आणि म्हणाला, उड्डाणाआधी जोडणी तपासताना माझ्याकडून शॉर्टसर्किट झालं असावं. तपासलं, तर तेच निघालं. फॉन ब्राउननी त्याला शँपेनची बाटली पाठवली. तोही एक शेराच होता, आणि तो सगळ्यांनी वाचला.

टॉम्पकिन्सना मार्शलमध्ये आणखी दोन रीती दिसल्या. एखादी अडचण आपल्या विद्येच्या हद्दीत येते असं दिसलं, की कुणी सांगायची वाट न पाहता त्या प्रयोगशाळेने ती आपली मानायची. आणि कंत्राटदाराच्या कारखान्यात केंद्राचे अभियंते जाऊन बसायचे. कागदावर आलेल्या खुलाशावर अवलंबून राहायचे नाहीत. यामागे कारण होतं. ही माणसं स्वतः हाताने यंत्रं घडवून वर आलेली होती, त्यामुळे कंत्राटदार काय लपवतोय ते त्यांना ओळखू येई. समासात योग्य प्रश्न लिहायला विषयाचं ज्ञान लागतं. ज्याला काम कळत नाही तो ‘चांगले, चालू ठेवा’ एवढंच लिहू शकतो.

१९७० साली फॉन ब्राउन हंट्सव्हिल सोडून गेले. त्यांच्या काळात घडलेल्या रीती पुढच्यांच्या हातून कशा निसटत गेल्या, हे टॉम्पकिन्सनी १९९३ आणि २००५च्या आपल्या पुस्तकांत मांडलं आहे. त्यांनी त्याला संघटनेची विस्मृती म्हटलं.

३१ जुलै १९८५ रोजी मॉर्टन थायोकॉल या कंत्राटदार कंपनीतले अभियंते रॉजर बोजोले यांनी आपल्या उपाध्यक्षांना मेमो लिहिला. अवकाशयानाच्या घन इंधन रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी झिजते आहे, तिकडे लक्ष दिलं नाही तर माणसं मरतील, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मेमो नियमाने लिहिलेला होता: प्रति, प्रेषक, विषय, दिनांक. २७ जानेवारी १९८६च्या रात्री युटातली कंपनी, हंट्सव्हिल आणि फ्लोरिडा यांच्यात दूरध्वनीवर बैठक झाली. ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, असं थायोकॉलचं म्हणणं होतं. मार्शलच्या अधिकाऱ्यांनी त्यावर इतका दाब आणला की कंपनीने थोडा वेळ मागून घेतला, आपसात चर्चा केली आणि म्हणणं मागे घेतलं. ज्यांच्या हाती उड्डाणाचा अंतिम निर्णय होता त्यांच्यापर्यंत ही हरकत पोहोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर हे अवकाशयान उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं. सात जण गेले. चौकशी आयोगाने लिहिलं की गंभीर अडचणी वर कळवण्याऐवजी आपल्याच कुंपणात ठेवून निस्तरण्याकडे मार्शलच्या व्यवस्थापनाचा कल दिसतो. सोमवारच्या चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या ते हेच केंद्र.

समाजशास्त्रज्ञ डायन व्हॉन यांनी १९९६ साली या निर्णयावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि दाखवलं की कुणी एका रात्री वेडेपणा केला नव्हता. बिघाड वर्षानुवर्षं थोडा थोडा ‘चालण्यासारखा’ ठरत गेला होता. ते वाचलेली माणसं नासात असूनही १ फेब्रुवारी २००३ उजाडला. कोलंबिया हे अवकाशयान परतताना तुटलं आणि कल्पना चावला आपल्या घराघरात ओळखीची झाली ती अशी. उड्डाणाच्या वेळी फेसाचा मोठा तुकडा पंखावर आदळला होता. त्याबद्दलच्या एका पॉवरपॉइंट स्लाइडवर, ज्या तुकड्यांवर आधी चाचण्या झाल्या ते ३ घनइंचांचे आणि इथला तुकडा १,९२० घनइंचांचा धरलेला, ही गोष्ट सर्वांत खालच्या ओळीत बारीक अक्षरांत होती. नासातले अभियंते रॉडनी रोचा यांनी २२ जानेवारीला एक ईमेल लिहिला. बाहेरच्या मदतीने पंखाची छायाचित्रं न घेणं चूक आहे, धोक्याचं आहे, असं त्यात होतं. तो त्यांनी पाठवला नाही. अधिकाराची साखळी ओलांडायची नव्हती. छापून काढला आणि शेजारच्या सहकाऱ्याला वाचायला दिला.

त्या छापलेल्या कागदालाही समास असणारच. मी तो प्रसंग वर्गात सांगते तेव्हा कुणीतरी विचारतंच, की पाठवला असता तर माणसं वाचली असती का. मी त्याचं उत्तर देत नाही. मी विचारते, याआधी त्यांनी पाठवलेल्या पत्रांना वरून काय काय उत्तरं आली असतील, ते लिहून आणा. मुलं पानंच्या पानं भरून आणतात.

टॉम्पकिन्स यांच्या कारकिर्दीत नासाहून वेगळ्याही वाटा आहेत. १९६६ साली, हंट्सव्हिलला जाण्याच्या आदल्या वर्षी, त्यांनी ‘एस्क्वायर’ मासिकात एक लेख लिहिला होता. ट्रुमन कपोटी यांचं ‘इन कोल्ड ब्लड’ तेव्हा शब्दन् शब्द खरं म्हणून गाजत होतं. टॉम्पकिन्स कॅन्ससला गेले, न्यायालयाची कागदपत्रं वाचली, माणसांना भेटले आणि पुस्तकात काय काय तसं घडलेलं नाही ते नोंदवलं. जे लिहिलं गेलं ते वाचायचं, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्याकडे जायचं, आणि मग आपण लिहायचं, ही त्यांची पद्धत तेव्हाच ठरली होती. पुढे त्यांनी पर्ड्यूत शिकवलं, बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात शिकवलं, आंतरराष्ट्रीय संवाद संघटनेचे ते अध्यक्ष झाले.

निवृत्तीनंतर ते डेन्व्हरमधल्या सेंट फ्रान्सिस सेंटर या ठिकाणी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. बेघर माणसांसाठीचा तो दिवसाचा निवारा. तिथल्या अनुभवावर त्यांनी २००९ साली पुस्तक लिहिलं. त्या केंद्रात आंघोळीची सोय आहे, कपडे मिळतात, सामान ठेवता येतं, आणि टपालही येतं. ज्यांना घर नाही त्यांना पत्ता नसतो, म्हणून ते केंद्राचा पत्ता देतात. रस्त्यावर झोपणारा माणूस सकाळी येतो, खिडकीपाशी आपलं नाव सांगतो, आणि आतलं माणूस गठ्ठा चाळून त्याच्या नावाचं काही आलंय का ते बघतं.